मधल्या चर्चचं घड्याळ

“सही जमत नसेल तर अंगठा दे,” सासूबाई म्हणाल्या.

“अंगठाच तर मोडलाय, आई.”

“उजवा मोडलाय. डावा काय पेटीत ठेवलायस?”

नात फिसकन हसली आणि आजीचे वटारलेले डोळे दिसताच कपात तोंड घालून बसली. त्यांचा थोरला, नळवाला, मात्र हसला नाही. कोपरापर्यंत प्लास्टर चढलेला हात उशीवर ठेवून तो टेबलावरच्या पत्राकडे बघत राहिला. दोन दिवस त्याचं हेच चाललं होतं. काल आधी चष्मा सापडत नव्हता, मग चष्मा सापडला तर पेन उमटत नव्हतं, आणि आज डाव्या हाताला वळण नव्हतं.

धाकटा भाऊ टेम्पोची किल्ली बोटाभोवती फिरवत दाराला टेकून उभा होता. पंचांनी सगळा मजकूर तयार करून दिलाय, मास्तरांनी तो स्वच्छ अक्षरात उतरवलाय, दादाने नुसतं खाली नाव टाकायचं, तेवढ्यासाठी आपण किती खेपा घालायच्या, असं त्याचं म्हणणं. ज्याला लागलं त्याचीच सही हवी, असं पंचांचं म्हणणं. आणि पत्राचं म्हणणं असं की, दगडी चर्चची मंडळी शनिवारी जाणूनबुजून उशिरा आली आणि आमच्या माणसांना त्यांनी एकटं पाडलं, सबब यापुढे मधलं चर्च त्यांच्यासोबत रांगेत उभं राहणार नाही.

नळवाल्याची बायको, चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ सांभाळणारी घड्याळवाली, ओट्याशी डबे भरत होती. ती इतका वेळ बोलली नव्हती, म्हणून सासूबाईंची तोफ तिच्याकडे वळली.

“आणि तू. मनोऱ्याची किल्ली आज संध्याकाळी मास्तरांच्या हातात दे. उद्या घंटाच झाली नाही तर कोणी निघणार नाही. मिटलं.”

“आज घड्याळाला चावी भरायचा दिवस आहे, आई, किल्लीचं ते झाल्यावर बघू,” घड्याळवाली म्हणाली, आणि डबा पिशवीत टाकून कामाला निघाली.

गावात तीन चर्च. दगडी सगळ्यात जुनं, पत्र्याचं सगळ्यात नवं आणि वयाने या दोघांच्या मधलं म्हणून मधलं. तिन्हींची माणसं एकाच बाजारात भाजी घ्यायची, एकाच डॉक्टरकडे जायची, पण चर्च म्हणून एकमेकांकडे पाय टाकायचे ते फक्त कोणाच्या तरी अंत्यविधीला. मागच्या निवडणुकीत दोन पक्षांच्या मिरवणुका चौकात भिडल्या आणि कुठल्याच मिरवणुकीत नसलेला एक बेकरीवाला दूध घेऊन घरी जाताना मधे सापडला. त्याची आई दगडी चर्चची, बायको मधल्या चर्चची, मेहुणा पत्र्याच्या चर्चचा. त्याला मूठमाती द्यायला तिन्ही चर्च एकत्र आली आणि तिथून परत जाताना फादर, पाळक आणि पास्टरबाई दफनभूमीच्या फाटकाशी बराच वेळ बोलत उभे राहिले. पुढच्या वेळी आपली माणसं मधे असतील, नकळत सापडलेली नाही, ठरवून उभी राहिलेली, असं तिथे ठरलं.

मग बैठका. दगडी चर्चला मेणबत्त्या हव्या होत्या. पत्र्याच्या चर्चला गाणी हवी होती. मधल्या चर्चला, जिथे चार माणसं जमली की ठराव होतोच, ठराव हवा होता. शेवटी मेणबत्ती नाही, गाणं नाही, ठराव नाही, नुसतं गप्प उभं राहायचं, इथवर गाडी आली ती पत्र्याच्या चर्चच्या पास्टरबाईंमुळे. त्या पूर्वी बसच्या कंडक्टर होत्या आणि भांडणं सोडवण्यात वीस वर्षं मुरलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, दोन रांगा करायच्या, पाठीला पाठ. ज्या बाजूला आपल्या वस्तीतली माणसं आहेत तिकडे आपण तोंड करायचं, कारण समोर मावशी किंवा चुलता दिसला की वर गेलेला हात आपोआप खाली येतो. पत्र्याच्या चर्चने दोन्ही टोकं सांभाळायची. आणि प्रत्येकाने हात मागे करून पाठीमागच्या माणसाचे हात धरायचे. तो दुसऱ्या चर्चचा असणार. म्हणजे आपल्या पाठीची काळजी त्याला आणि त्याच्या पाठीची आपल्याला.

एकच गोष्ट शेवटपर्यंत अडली. निघायचं कोणाच्या घंटेवर? दुसऱ्याच्या घंटेवर निघायला कोणीच तयार होईना. तेव्हा प्रत्येकाने आपापली घंटा वाजवावी आणि चारला निघावं, असं ठरलं. हे सगळ्यांना फारच सोयीचं वाटलं.

मागच्या शनिवारी प्रचाराची शेवटची फेरी होती. मधल्या चर्चची माणसं चौकात आली, रांग धरून उभी राहिली, हात मागे केले. मागे कोणी नव्हतं. नळवाल्याच्या समोर मिरवणुकीत त्याचा सख्खा धाकटा भाऊ झेंडा घेऊन उभा होता आणि तो खरंच थांबला होता. दगड आला तो मागच्या बाजूने, आणि पाठीमागे उघड्या पसरलेल्या तळहातावर बसला. रांग मोडली नाही. मग दगडी चर्चची माणसं पोचली, पत्र्याची पोचली, पाठीला पाठ लागली आणि दोन्ही मिरवणुका शिव्या देत का होईना, आपापल्या वाटेने गेल्या. पत्र्याचं चर्चसुद्धा तेव्हाच पोचलं होतं, पण ती माणसं तशीही कशालाच वेळेवर येत नाहीत असं सगळ्यांनी धरलेलं, म्हणून आळ आला तो दगडीवर.

उद्या मतमोजणी होती. एक बाजू जिंकणार, एक हरणार आणि दोन्ही चौकात येणार.

घड्याळवाली शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायची. तिच्या शेजारच्या मशीनवर काजं करणारी काजवाली, दगडी चर्चची. अकरा वर्षं दोघी एका डब्यात जेवत होत्या आणि गेले सहा दिवस मधे एक खुर्ची रिकामी सोडून जेवत होत्या. आज जेवायच्या सुट्टीत काजवालीने ती खुर्ची ओढली आणि स्वतःच तिच्यावर येऊन बसली.

“एक सांगायचंय. ऐकून घे, मग हवं तर बोलू नकोस,” ती म्हणाली. “तुझ्या ह्यांचा हात माझ्या ह्यांनी धरायचा होता. तसं ठरलं होतं. ते सहा दिवस धड जेवले नाहीत.”

“मग लवकर यायचं होतं.”

“चारला निघालो गं. आमचा पहिला ठोका आणि इथला भोंगा एकदमच झाला. मी फाटकातच होते. तुम्ही कधी निघालात?”

“चारला,” घड्याळवाली म्हणाली. आणि हातातला घास हातातच राहिला.

कारखान्याचा भोंगा बरोबर चारला होतो, सेकंदाचा फरक नाही. शनिवारी रजा टाकून ती मनोऱ्यावर गेली होती. घड्याळात चार झाले, तिने दोर ओढला, माणसं फाटकातून बाहेर पडताना पाहिली, बावन्न पायऱ्या उतरली, खाली कुलूप घातलं, आवार झाडून घेतलं. आणि केरसुणी ठेवताना भोंगा ऐकला. ऐकला होता, पण त्यात काही वावगं वाटलं नाही. एकोणीस वर्षं हे असंच होत आलं होतं. आधी आपले चार, मग भोंग्याचे.

मधल्या चर्चचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. ही काही लपवाछपवी नव्हती. उपासनेला लोक उशिरा येतात म्हणून तिच्या सासऱ्यांनी ते एका वर्षी पुढे केलं. पहिले दोन रविवार लोक वेळेवर आले, तिसऱ्या रविवारपर्यंत सगळ्यांना कळलं आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे उशिरा येऊ लागले. घड्याळ मात्र पुढेच राहिलं. सासरे थकले तेव्हा थोरल्याला उंचीवर चक्कर यायची आणि धाकट्याला पायऱ्यांचा कंटाळा, म्हणून त्यांनी नव्या सुनेला वर नेलं, तेल कुठे घालायचं, वजनं कशी ओढायची ते दाखवलं आणि सांगितलं, दहा मिनिटांचं तेवढं लक्षात ठेव, पोरी. तिने ते इतकं लक्षात ठेवलं की विसरून गेली. बस पकडायची असो की दूध उतरवायचं, तिचं डोकं तिला न विचारता दहा वजा करायचं. घंटेचा दोर ओढताना मात्र वजा करायची कधी वेळ आली नव्हती, कारण तोपर्यंत ती घंटा फक्त घरच्यांसाठी होती.

संध्याकाळी ती चावी भरायला निघाली तेव्हा नळवाला चपला घालून दारात उभा होता.

“तुम्ही कुठे? चक्कर येईल.”

“खाली बघणार नाही,” तो म्हणाला.

तो भिंतीला खांदा घासत बावन्न पायऱ्या चढला आणि वर जाऊन पेटीवर बसला. तिने वजनं वर ओढली, दात्यांना तेलाचा थेंब दिला. मग लंबकाला हात लावला आणि तो धरून ठेवला. टकटक थांबली. एकोणीस वर्षांत ती खोली तिने कधी एवढी शांत ऐकली नव्हती.

“काय करतेस?”

“मागे घेतेय. हे काटे उलटे फिरवले तर ठोके चुकतात. थांबवून ठेवावं लागतं. दहा मिनिटं.” तिने मनगटावरचं घड्याळ उतरवून त्याच्या मांडीवर ठेवलं. “तुम्ही बघा. झाली की सांगा.”

तो बघत राहिला. खाली आवारात कोणीतरी सायकल लावली, कुठेतरी नळ सुटला, तो बंद झाला. तिला वाटलं, आता झाली असतील. तीन मिनिटं झाली होती.

“चौकात एवढाच वेळ?” तिने विचारलं.

“जास्त वाटला.”

मग तोच म्हणाला, “मला तिथेच कळलं होतं. हात मागे करून उभा होतो आणि भोंगा झाला. म्हटलं, अरे, चार तर आत्ता वाजतायत. आणि मग दगड बसला.”

“आणि सहा दिवस तोंडातून अक्षर काढलं नाहीत?”

“घंटा तू वाजवली होतीस.” तो प्लास्टरच्या कडेचा निघालेला दोरा डाव्या हाताने ओढत होता. “सही करायची नव्हती. का करायची नव्हती ते सांगायचं नव्हतं. मग पेन उमटत नव्हतं.”

तिला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं, आणि दोन्ही हात लंबकावर असल्यामुळे ते तसंच राहिलं.

“नळाचा पान्हा पुन्हा धरता येईल का, काही सांगितलं डॉक्टरांनी?” काही वेळाने तिने विचारलं. हे तिने सहा दिवसांत विचारलं नव्हतं.

“धरता येईल. जोर किती लागेल ते नंतर बघू म्हणाले.” मग तो म्हणाला, “झाली दहा.”

तिने लंबक सोडला.

घरी जायच्या आधी ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे पंचांचे चिटणीस, आणि शाळेतून निवृत्त होऊनही त्यांची लाल पेन्सिल खिशातून गेली नव्हती. तिने सोबत आणलेलं बिनसहीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि घंटा किती वाजता झाली होती ते सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपलं घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे, दगडीवाल्यांनी तसं धरून चालायला हवं होतं, असं ते म्हणू लागले, आणि अर्ध्या वाक्यात थांबले. पुढची काही मिनिटं ते आपल्याच अक्षरातलं पत्र पुन्हा वाचत बसले. शेवटी म्हणाले, उद्या सकाळी फादरना मी स्वतः जाऊन भेटतो. लेखी काही द्यायचं का, तर नको. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा लेखी न देता काही बोलणार होते.

घरात दिवा लागला होता. सासूबाई हातात गोळी आणि पाण्याचा पेला धरून बसल्या होत्या. त्या रोज मनोऱ्याच्या सातच्या ठोक्याला गोळी घेत.

“आज सात उशिरा वाजले,” त्या म्हणाल्या.

“आज सात सातला वाजले, आई.”

सासूबाईंना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी गोळी तशीच मुठीत धरून पेला खाली ठेवला. नळवाला भिंतीशी टेकून बसला आणि त्याने थोडक्यात सगळं सांगितलं. घंटा, भोंगा, दगड. धाकट्याची किल्ली फिरायची थांबली.

“तुझ्या सासऱ्यांच्या हातचं होतं ते,” सासूबाई अखेर म्हणाल्या. “तेवढंच काय ते मागे राहिलं होतं.”

“त्यांनी माणसं देवाच्या दारी वेळेवर यावीत म्हणून पुढे केलं होतं, आई. माणसं चौकात एकटी पडावीत म्हणून नाही.”

“मग त्या दगडीवाल्यांनी दहा मिनिटं आधी निघायचं. त्यांना काय कान नाहीत?” पण त्यात मघाचा जोर नव्हता, आणि हे म्हणता म्हणता त्यांनी गोळी घेऊन टाकली.

धाकटा दारातून आत आला. “वहिनी, उद्या सोपं नाही. आम्ही हरलो तर आमची पोरं ऐकणार नाहीत. माझंही ऐकणार नाहीत. दादाच्या जागी कोणाला उभं करणार तुम्ही?”

घड्याळवालीने पदराला पुसून मनोऱ्याची किल्ली टेबलावर ठेवली, लेकीच्या पुढ्यात.

“घंटा उद्या ही वाजवेल. चारला, भोंग्याबरोबर. ह्यांच्या जागी मी उभी राहणार आहे, कारखान्यातून येतानाच काजवालीच्या नवऱ्याशी बोलणं झालंय. तुम्ही समोर असाल तर असा, भावोजी. स्वयंपाक सकाळीच करून ठेवीन, ज्याने त्याने वाढून घ्यायचं.”