बापाच्या नावावरचं चूर्ण

आष्टीच्या मोनिकाला दळणाचा डबा उघडला की वासावरूनच ज्वारी नवी की जुनी ते कळतं. वय चोवीस, गिरणी स्वतःची, आवाज गिरणीच्या वर चढणारा.

दोन वर्षांपासून तिच्या हनुवटीवर राठ केस येत होते आणि पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. तिला डॉक्टरकडे जायचं होतं. तिची आई कौसल्या मात्र घाबरायची. गावात बोभाटा झाला आणि सुगीनंतर बघायला येणाऱ्या मंठ्याच्या पाहुण्यांच्या कानावर गेला तर? त्यापेक्षा सरदारबीचं चूर्ण बरं. सरदारबी म्हणजे आठवडी बाजारात मुळ्या, साली, बिया मांडून बसणारी म्हातारी. हाताला गुण आहे म्हणतात. मोनिका अडीच महिने रोज सकाळी नाक दाबून दुधातून ते चूर्ण घेत राहिली. केस उलट दाटच झाले. पाळीचा पत्ता नाही.

एका सकाळी गावातले आबाराव गिरणीवर आले. साठी ओलांडलेली, मिशीला कलप. सगळ्या बायका जाईपर्यंत थांबले आणि मग त्यांनी हळूच सरदारबीकडचं एक पुडकं पुढं केलं. मोनिकानं त्यातल्या मुळ्या मसाल्याच्या चक्कीत टाकल्या. वास आला आणि तिनं बटण बंद केलं. हा तर तिच्या सकाळच्या दुधाचा वास.

"आबा, हे कशाचं हाय?"

"अशक्तपणाचं," आबाराव रस्त्याकडे बघत म्हणाले.

"अशक्तपणा मलाबी हाय. खरं सांगा."

"गड्यांचं औषध हाय ते, पोरी. मुसळी, गोखरू... आता जल्दी दळ अन् दे."

घरी कौसल्यानं डोळ्याला पदर लावून सगळं कबूल केलं. सरदारबीनं 'कुणासाठी' म्हणून विचारलं तेव्हा गल्लीतल्या तिघी शेजारीच उभ्या होत्या. पोरीचं नाव घ्यायला जीभ वळेना. 'मालकांसाठी,' ती बोलून गेली. औषध ते औषध, गुण येणारच, असं तिला वाटलं होतं. मोनिकाला आधी हसू आलं. मग असा संताप आला की ती जेवलीच नाही.

बाजाराच्या दिवशी आईचा हात धरून ती सरदारबीसमोर उभी राहिली. भोवती गर्दी होती. तिनं गिरणीतला आवाज काढला.

"चाची, मायनं नेलं ते चूर्ण बापानं न्हाई, मी खाल्लं. मला दाढी येऊन राह्यली अन् पाळी येईना."

शेजारच्या पालावरची घासाघीस थांबली. मागून एक बाई फिसकन हसली, म्हणाली, आता वस्तराच घे म्हणावं.

"घेते की. तुझ्या नवऱ्याचा जुना असंल तर दे," मोनिका म्हणाली.

सरदारबीनं कपाळाला हात लावला. "ते बिलकुल बंद कर, बेटी. डॉक्टरनीकडं जा, रक्त तपास."

कौसल्यानं हळूच शतावरी मागून पाहिली. अंदाजानं आता काहीच देणार नाही, असं म्हणून म्हातारीनं पिशवीचं तोंड बांधलं.

परतूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. अंगात पुरुषी हार्मोन वाढलंय, पुष्कळ मुलींना असतं हे, म्हणाल्या. चूर्णानं त्यात किती भर घातली ते सांगता येणार नाही, पण पुन्हा विचारल्याशिवाय कुठलंच घेऊ नका. गोळ्या सुरू झाल्या. वाटेत कौसल्यानं चार वेळा बजावलं, पाहुण्यांपुढं यातलं काही काढू नको.

पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं स्वयंपाकाचं विचारलं, गिरणीचं विचारलं. कौसल्या डोळ्यांनी विनवत होती. मोनिकानं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"मावशी, माझी पाळी वेळेवर येत न्हाई. हनुवटीवर केस येतात, त्याच्या गोळ्या चालू हायत. हे धरून विचार करा."

मावशीचा कप तोंडाशीच राहिला. कळवतो म्हणाले आणि गेले. महिना झाला, फोन नाही. कौसल्या रोज हळहळते, पुढचं स्थळ आलं तर निदान चहा होईपर्यंत तरी गप्प बस म्हणते.

"न्हाई," मोनिका गिरणीचा पट्टा चढवत म्हणाली. "पुढच्याला दारातच सांगते. चहा तरी वाचंल."