सरूआक्कांचे नाचोज

सरूआक्का स्वयंपाक करताना चव घेत नसत. आमटीला कितीही उकळी फुटो, पळीतले दोन थेंब तळहातावर टाकून चाटायचं, हे जे आमच्या परभणीकडची प्रत्येक बाई बिनदिक्कत करते, ते त्यांच्या ओट्यापाशी चालत नसे. आधी देव्हाऱ्यापुढे नैवेद्याची वाटी जायची, मग माणसांची पानं. "उष्टं काय दावायचं देवाला?" असं त्यांचं म्हणणं. आणि तरी मीठ कधी चुकायचं नाही. मी एकदा विचारलं, "आक्का, न चाखता कळतं कसं तुम्हाला?" मी चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायच्या खात्यात आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी काय लोखंड चाटून बघता?" मी म्हटलं, आमच्याकडे त्याला मापायचं गेज असतं. त्यांनी उजवा हात माझ्या तोंडापुढे धरला. "मग ह्ये काय हाय?"

ताथवड्याच्या गावठाणात आक्कांचं तीन मजली घर होतं. खाली त्या एकट्या, मधल्या मजल्यावर आम्ही नवराबायको भाडेकरू, वर कॉलेजातली मुलं. तीन वर्षं राहूनही मी त्यांच्या लेखी पाहुणाच राहिलो. त्यांची जमीन केव्हाच कॉलेजं आणि टॉवरखाली गेली होती, पण त्यांच्या बोलण्यात ती अजून नांगरलेली असे. "आमच्या हुलग्याच्या पट्टीत ती काचंची बिल्डिंग न्हाई का, तिच्या म्होरं दवाखाना हाय," असा पत्ता त्या सांगत. नवऱ्यामागे मुलाला शिकवून मोठं केलं. तो सुनील आता रावेतला एका टॉवरमध्ये राहायचा आणि दर रविवारी येऊन आईला तिकडे नेण्याचा विषय काढायचा. आक्कांचं उत्तर ठरलेलं. "तुझ्या घरी मी बसून खाईन. हितं मी करून घालते. फरक हाय का न्हाई?" आणि फरक होताच. गल्लीतल्या कुणाच्याही घरी पुरण शिजायचं असो की नवरात्रात देवीपुढे टांगायच्या कडकण्या तळायच्या असोत, पातेलं घेऊन बायका आक्कांच्या दारात. करून घालणं काढून घेतलं असतं, तर त्या माउलीकडे फारसं काही उरलं नसतं.

आणि त्याच आक्कांची चव गेली. उन्हाळ्यात आठवडाभर तापानं अंथरुणाला खिळल्या, त्यातून उठल्या तेव्हा जिभेला मीठ कळेना आणि नाकाला फोडणी. त्यांनी हे कुणालाही कळू दिलं नाही. लपवणं सोपंही होतं, कारण चव न घेता स्वयंपाक करणारी बाई आधी होती तशीच आताही दिसत होती. पिठलं, भरलं वांगं, मटकीची उसळ, सगळं हाताच्या सवयीनं नेमकं उतरत होतं. आम्ही बोटं चाटत होतो, आणि करणारी स्वतः तेच अन्न गिळायचं म्हणून गिळत होती. सुनीलला कळलं तर तो त्याच रविवारी गाडीत घालून रावेतला नेणार, ही एकच धास्ती त्यांनी पदराखाली बाळगली होती. अर्थात हे सगळं मला नंतर कळलं, आणि कळलं ते नाचोजमुळे.

मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, तेव्हा दिवस गेले होते. पहिले तीन महिने तिच्या पोटात काही ठरेना. भात समोर आला की ती उठून जायची, वरणाचा वास आला की खिडकी उघडायची. आणि एके दिवशी दुपारी, श्रावण चालू असताना, ती उठून बसली आणि म्हणाली, "मला ते नाचो खायचेत. सिनेमाला खाल्ले होते ते. वरून गरम चीज आन् ती लाल चटणी." मी धावत जाऊन आणले. ते तिला असे काही बाधले, की डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या खाण्यावर फुलीच मारली. इच्छा मात्र जाईना. ती बिचारी रडायला आली.

रडण्याचा आवाज जिन्यातून खाली गेला असावा. आक्का वर आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डोहाळं हाईत. ते पुरवायचं असत्यात. भाईर चालत न्हाई तर घरात करू. काय असतंय ते, दाव."

मी मोबाईलवर व्हिडिओ लावला. आक्कांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत पाहिला, कंपनीतले ऑडिटवाले आमचे कागद पाहतात तसा.

"ही तर कडकणी हाय," त्या म्हणाल्या. "तिकोनी कापलीया एवढंच. आन् ह्ये लाल?"

"साल्सा म्हणतात."

"कोशिंबीर हाय. दही घालायचं इसरल्यात लोक." मग चीज ओतलं गेलं तशा त्या थबकल्या. "आन् ह्ये पिवळं काय सांडलं?"

दुसऱ्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी मी मदतीला. आक्कांनी मक्याच्या पिठात थोडी कणीक आणि गरम तेलाचं मोहन घालून घट्ट गोळा मळला, कडकणीसारखीच पातळ पोळी लाटली आणि काट्याच्या चमच्यानं सगळीकडे टोचली. "टोचली न्हाई तर फुगून पुरी व्हती," म्हणाल्या. शंकरपाळ्यांच्या कातणीनं तिकोन कापले, तव्यावर जरा शेकले, फडक्यावर पसरून पंख्याखाली सुकवले आणि मग तळले. कढईतून निघाल्या निघाल्या तिखट, जिरेपूड, आमचूर आणि मीठ भुरभुरवून परातीत हलवले. मी टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून लिंबू पिळलं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून आक्का त्यात दूध आणि किसलेलं चीज ढवळत होत्या. देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढे नाचोजची वाटी गेली. त्या देवानं आजवर काय काय पाहिलं असेल, पण वितळलेलं चीज नक्कीच पहिल्यांदा.

मनीषानं पहिला तुकडा उचलला, चीजमध्ये बुडवला, तोंडात टाकला आणि ती थेट मोरीकडे पळाली. मला वाटलं, नेहमीचंच. मग मी एक खाल्ला. अगं माय! मीठ पिठात, मीठ वरून, मीठ कोशिंबिरीत, आणि मुळातल्या खारट चीजमध्ये आणखी मूठभर मीठ. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, ताटलीतला एक तुकडा उचलून पिवळ्यात बुडवला आणि शांतपणे कुडुमकुडुम चावून खाल्ला.

"बरं झालंय की," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. मनीषा चूळ भरून परत आली, तिनंही ते पाहिलं. आमच्या दोघांच्या नजरा बघून आक्कांच्या हातातला दुसरा तुकडा परत ताटलीत गेला.

"आक्का," मनीषा हळूच म्हणाली, "तुमाला मीठ कळंना का?"

आक्का पाटावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कायबी कळत न्हाई, पोरी. तापापासून. साखर, मीठ, आंबट, समदं सारखं. भाकरी खाल्ली काय अन् कापूस खाल्ला काय." मग माझ्याकडे वळून, "रोजचं हाताला ठावं हाय. ह्ये पिवळं हातानं कदी बघितलं न्हाई, म्हणून घात झाला." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "सुनीलला सांगू नगा. चव न्हाई त्या बाईला चुलीम्होरं कोन बसू दील?"

मला गलबलून आलं. इतके महिने ही बाई आम्हाला घास घास भरवत होती आणि तिच्या स्वतःच्या तोंडाला एकाही घासाची चव लागत नव्हती.

पुढच्या सुट्टीला मी त्यांना स्कूटरवर बसवून थेरगावच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सज्जन होते, पण खोटी आशा लावणारे नव्हते. म्हणाले, तापानंतर असं होतं, पुष्कळांची चव परत येते, काहींची येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ उग्र वास घ्या, लिंबू, लवंग, निलगिरी, आणि वाट पाहा. आक्का ते देवपूजेच्या शिस्तीनं करू लागल्या. ओट्यावर तीन वाट्या मांडून एकेक नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या, आणि मी जिन्यातून विचारलं की मान हलवायच्या. "आज बी सुट्टी हाय नाकाला."

नाचोज मात्र बंद झाले नाहीत, उलट नेमानं होऊ लागले. पहिलं कारण म्हणजे मनीषाला आता बेताच्या मिठाचे नाचोज मिळू लागले आणि तिच्या पोटात अन्न ठरू लागलं. दुसरं कारण आक्का स्वतः. "ह्ये एकच खाताना कायतरी खाल्ल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या. कुरकुरीत वाजतं ते कानाला कळायचं, चीजचा ऊबदारपणा कळायचा, मिरची झोंबायची तीही कळायची. चव जाऊनही ही तिन्ही शाबूत होती. त्यामुळे कोशिंबिरीत मिरच्या वाढत गेल्या, आणि मनीषासाठी वेगळी वाटी काढावी लागू लागली. आम्ही विचारायचो, "चीज कसं झालंय?" त्या न चुकता म्हणायच्या, "लई झ्याक." देवाला दाखवून झालं की पहिला तुकडा मनीषानं खायचा आणि बोट वर-खाली करून मीठ सांगायचं, असं ठरलं. आक्कांची जीभ काही महिने माझ्या बायकोच्या तोंडात होती म्हणा ना.

सुनील रविवारी यायचा तेव्हा आमची तारांबळ. एकदा त्यानं आईपुढे आंब्याची बर्फी धरली, "कशी आहे सांग, नवीन दुकान आहे." आक्का सराईतपणे म्हणाल्या, "ग्वाड हाय." बर्फी गोडच असणार, त्यात चुकायला जागा नव्हती. पण तो गेल्यावर त्या बराच वेळ ओट्याला टेकून उभ्या होत्या. "पाव्हणं, न्हाईच आली तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येईल हो आक्का," आणि माझा मलाच तो आवाज पोकळ वाटला. मीही आता घाबरू लागलो होतो.

सातव्या महिन्यात मनीषाचं डोहाळेजेवण आक्कांनी हट्टानं आपल्या घरात मांडलं. तिची आई परभणीहून येणार होती, पण गुडघ्यांनी घात केला, म्हणून माहेरही आक्काच झाल्या. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, गल्लीतल्या बायका, सुनीलची बायको, सगळा थाट. पुरणपोळी, वाटली डाळ, कटाची आमटी, आणि ताटाच्या मधोमध डोहाळकरणीच्या आवडीचे नाचोज. आक्का सकाळपासून पुरणात अडकल्या होत्या, म्हणून कोशिंबिरीचं काम एकट्या माझ्यावर आलं. बायकांच्या गलबल्यात, दारात चपला सारत, कुणाला पाणी दे कुणाला खुर्ची दे करत मी ती कशीबशी चिरून नेऊन ठेवली.

नैवेद्य झाला. मनीषा अजून ओटी भरायला आलेल्या बायकांशी बोलत होती. आक्का तिच्या शेजारी टेकल्या, त्यांनी एक तुकडा उचलला, कोशिंबीर घेतली आणि खाल्ली. आणि त्या चावता चावता थांबल्या. डोळे बारीक झाले. घशात काही अडकलं की काय, म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झालो.

"ह्ये कुनी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी, आक्का."

"मीठ घातलं न्हाई हिच्यात."

मी आठवू लागलो आणि खरंच, मीठ घातल्याचं मला काही आठवेना. मनीषाला माझ्या आधी उमगलं. तिनं आक्कांचा हात घट्ट धरला आणि मुकुटातली फुलं हलतील इतक्या जोरात रडू लागली. मीही तांब्या घेतलेल्या अवस्थेत तिथंच खाली बसलो. माझा जीव असा भांड्यात पडला, की मला हसू आणि रडू दोन्ही एकदम यायला लागलं. सुनीलच्या बायकोला आणि बाकीच्यांना काही समजेना. "अगं, मीठच ना?" ती म्हणाली. "वरून घाल की! त्यात रडायचं काय?"

आक्कांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी नुसत्या टोमॅटोची फोड तोंडात घातली. "आंबट," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. कोथिंबिरीची काडी चावली, मान डोलावली. पोळीचा तुकडा खाल्ला आणि डोळे पुसले. मग एक कुरकुरीत तिकोन घेऊन चीजच्या वाटीत चांगला बुडवला, तोंडात टाकला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला.

"पाव्हणं."

"काय आक्का?"

"श्रावणापासनं मी ह्ये खातीया?"

"हो आक्का."

"आन् लई झ्याक म्हनत व्हते?"

"दर वेळी."

त्यांनी ती वाटी बोटानं माझ्याकडे सरकवली. "उचला ती. माज्या म्होरं पुन्यांदा आनू नगा."