साडेचारचा भूकंप आणि चार चुकीचे पर्याय

रविवारी दुपारी अडीचला मुलींच्या होस्टेलच्या जिन्यावरून बॅगा खाली येऊ लागल्या. लातूरच्या एका क्लासमध्ये मी नीटसाठी फिजिक्स शिकवतो. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. रविवारी मुलींना फोन मिळतात, आणि त्या दिवशी सगळ्या फोनवर एकच मेसेज होता : 'आज साडेचारला मोठा भूकंप.' आमच्याकडे हे हसण्यावारी नेता येत नाही. घराघरात त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या त्या एका पहाटेची आठवण आहे.

सगळ्यांत पुढे मुखेडची शिवानी.

"सर, अप्पा म्हणले, आत्ताच्या आत्ता निघ. आन् आली की परत जायचं न्हाई."

अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला मुळातच नाखुशीनं पाठवलं होतं. तास संपल्यावरही शंका विचारत थांबणारी ही एकच मुलगी. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात संचालक आले. "सर, तीस सेकंदांचा व्हिडिओ टाका. अफवा हाय म्हणा, विषय खतम."

"त्यापेक्षा माझा ब्लॉग वाचायला देतो."

त्यांनी कपाळाला हात लावला. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची माझी स्वतःची वही. जाहिरात नाही, लाइक नाही, महिन्या-दोन महिन्यांनी एक लेख. वाचक दोन : मी आणि माझा मेहुणा. तोही वाचतो का, याची मला शंका आहे.

जमिनीतून येणाऱ्या आवाजांवरचा एक लेख मी चार महिने लिहीत होतो. भूकंप कुठं होऊ शकतो याचा अंदाज बांधता येतो, पण किती वाजता होणार हे जगात कुणालाच सांगता येत नाही, एवढंच त्यात सावकाश समजावलं होतं.

मी मुलींना म्हणालो, "मैदानात, इमारतीपासून लांब बसा. हा लेख पूर्ण वाचा. मग जिला जायचं तिला मी स्वतः स्टँडवर सोडतो."

त्या बसेपर्यंत मी ऑफिसात जाऊन लेखाच्या मधोमध एक प्रश्न घुसवला. भूकंपाच्या दोन लाटा निघतात. एक सेकंदाला सहा किलोमीटर जाते, दुसरी तीन. दोन्ही चार सेकंदांच्या फरकानं पोचल्या, तर भूकंप किती लांब झाला? खाली चार पर्याय दिले, चारही मुद्दाम चुकीचे.

आमची पोरं जेवण अर्धं सोडतील, पण पर्यायांचा प्रश्न सोडणार नाहीत. साडेतीनला मैदान शांत होतं. चारला कुजबुज सुरू झाली. सव्वाचारला चार तट पडले आणि चांगलीच जुंपली. संचालक घड्याळाकडे बघत गेटजवळ घाम पुसत होते.

शिवानी वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, चारी पर्याय चूक हायेत. उत्तर चोवीस येतंय."

"बरोबर. वाजले किती?"

तिनं फोन पाहिला. पाचला दहा कमी. अप्पांचे अकरा मिस्ड कॉल. तिनं घाबरतच फोन लावला.

"हाव अप्पा, हितंच हाय... न्हाई, काहीच हाललं न्हाई... सरांचा प्रश्न चुकला होता, तेच बघून राहिले होते."

मग अप्पांचा आवाज मलाही ऐकू आला.

"मास्तरची चूक धरली तू? मंग ऱ्हा तिथंच. पेपर देऊनच ये."

संध्याकाळी बॅगा परत वर गेल्या. मी मात्र एक गोष्ट शिकलो. लांब लेख कुणी वाचत नाही, असं म्हणतात. त्यात एक चूक ठेवून बघा, अख्खं होस्टेल वाचतं.