डोंगरासाठी शिवलेली सीट

गल्लीत तिला सगळे सीटवाली काकी म्हणत. नवरा गाड्यांच्या सीटांचं रेक्झिन कापायचा, ही मशीनवर शिवायची. माणूस कसा आहे ते तिला तोंड बघून नव्हे, फाटलेली सीट बघून कळायचं. कोण रेलून बसतो, कोण एकाच कुल्ल्यावर सगळा भार टाकतो, कोण उगाच बोटानं फोम उकरतो. वरच्या खिंडीत जाऊन आलेलं गिऱ्हाईक तर दारातूनच ओळखू यायचं. ते सीटबद्दल बोलायचंच नाही. "काकी, ढग पायाखाली असतात हो तिथं!" एवढंच सांगत सुटायचं.

काकी ऐकायची आणि मशीन चालवायची. पण नुसतं ऐकून कुणाचं पोट भरलंय?

गाडी चालवायला ती शिकली तीही दुकानापायीच. गिऱ्हाइकाची गाडी आत घ्यायची, बाहेर काढायची. नवऱ्याची मान वळत नसे, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं. पुढं लायसन्सही काढलं. बाजारापलीकडं मात्र ती कधी गाडी घेऊन गेली नव्हती. यंदा स्वतःची जुनी का होईना, गाडी दारात आली. तसं तिनं जेवताना जाहीर केलं, "खिंडीत जायचं. आणि चालवणार मी."

लेकीनं टाळ्या पिटल्या. नवऱ्याला ठसका लागला. संध्याकाळी दीर हजर. जन्मभर बस चालवून नुकताच घरी बसलेला माणूस.

"वहिनी, तो रस्ता म्हणजे कापडावरची शिवण नव्हे."

"शिवणच आहे भावजी. वळण आलं की वेग कमी करायचा आणि हात फिरवायचा. दिवसभर दुसरं काय करते मी?"

दीर हसला, पण हटला नाही. शेवटी तोड निघाली. निघायच्या आदल्या दिवशी काकीनं पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी न्यायची, मध्येच थांबवायची आणि पुन्हा उचलायची. गाडी मागं घरंगळली की स्टेअरिंग दिराचं, काकीनं शेजारी बसून ढग बघायचे.

मग काय, दुकानाचं लग्नघर झालं. कापायच्या टेबलावर काळं रेक्झिन पसरून काकीनं खडूनं रस्ता काढला. इथं पूल, इथं चहाची टपरी, इथं झाडं संपतात, इथून पुढं नुसता दगड आणि वारा. सगळी वळणं गिऱ्हाइकांच्या तोंडून गोळा केलेली. दीर ती बोटानं पुसायचा.

"हे डावं नाही, उजवं."

"तुम्ही उतरतानाचं सांगताय. आपल्याला चढायचंय!"

लेक गरम कपडे बाहेर काढत होती, उलटीच्या गोळ्या शोधत होती आणि दरीची बाजू जाताना कुणाकडे यावरून काकाशी भांडत होती. काकीच्या हातून दोन दिवसांत तीन सुया मोडल्या. चित्त थाऱ्यावर असेल तर ना!

नवरा या गोंधळात नव्हता. तो मागच्या खोलीत दार लावून ड्रायव्हरची सीट भरत होता. बायको एवढ्या उंचावर जाणार, तिची पाठ धरायला नको. दुकानातला सगळ्यात जाड फोम, त्यावर मऊ थर, वर दुहेरी शिवण.

परीक्षेच्या दिवशी त्यानं सीट गाडीत बसवली आणि वरची चादर ओढून काढली. "बस."

काकी बसली. राणी सिंहासनावर बसावी तशी. मग तिनं पाय खाली सोडला. क्लचला अंगठा टेकला, टाच अधांतरी. डोकं छताला. सीट पुढं ओढली तर स्टेअरिंग पोटात.

"दादा, ही सीट नाही, मचाण बांधलंस तू!" दीर गुडघे धरून हसला. "सरा वहिनी. माझे पाय लांब आहेत."

काकीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, तर त्याचा तिच्याहून उतरलेला. उभ्या जन्मात त्यानं असं झकास काम केलं नव्हतं.

"अहो, पाठीचं राहू द्या. माझे पाय पोचायला हवेत."

तो आत जाऊन ब्लेड घेऊन आला. "वाट्टेल तिथं फाडू नकोस. मागची शिवण उसव, फोम मी ओढतो."

दोघं भर रस्त्यात सीट घेऊन बसले. फोमचे थर एकेक करून बाहेर आले. उरलं ते जवळजवळ फळकुटच. काकी त्यावर बसली आणि तिनं क्लच दाबला. थेट तळाला.

टाकीच्या चढावर मध्यावरच शेजारी बसलेला दीर ओरडला, "थांबा!" काकीनं हँडब्रेक ओढला. आता उचलायची. क्लच सोडला, गाडीला हिसका बसला आणि इंजिन बंद. नवऱ्यानं डोळे मिटले.

"झालं!" दीर म्हणाला.

"काय झालं? घरंगळली का?"

"नाही, पण..."

"मग पण कसला?"

तिनं पुन्हा किल्ली फिरवली. आता क्लच सावकाश सोडला, दोरा ओवताना श्वास धरावा तसा. गाडी थरथरली, गुरगुरली, तिनं हँडब्रेक खाली केला आणि गाडी तसूभरही मागं न येता वर सरकली. मागच्या सीटवर लेक "आईऽऽ!" म्हणून किंचाळली.

टाकीपाशी गाडी थांबली. दीर उतरला. गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं चारही टायर दाबून बघितले.

"वहिनी, हवा आजच भरून घ्या," तो म्हणाला. "उद्या पहाटे हवावाला कुठला उघडा असायला!"