नाईक सावंतसाठी लिमरिकमध्ये मेणबत्ती

उत्तर सीमेवरच्या आमच्या पोस्टजवळ फेब्रुवारीतल्या एका सकाळी हिमकडा कोसळला. नाईक दत्ताराम सावंत त्याखाली गेला. मृतदेह मिळाला नाही. मी त्या प्लॅटूनचा सुभेदार होतो.

काम रोजचंच होतं. पाच जणांनी एका दोराने बांधून घेऊन खालून रॉकेल आणायचं. सावंत दोराच्या शेवटी होता. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"साहेब, वरचा बर्फ सरकतोय. ओव्हर."

"परत फिरा. ओव्हर."

"पोरांना पुढे काढतो. मी दोर कापतोय. आउट."

चौघे परतले. थांबण्याचा आदेश येईपर्यंत आम्ही खणत होतो.

आता मी आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात मुलीकडे राहतो. ती इथे डॉक्टर आहे. शेजारची हालीना पोलिश. तिचे आजोबा जर्मनीतल्या पोलिश अल्पसंख्याकांच्या शाळेत शिक्षक होते. दुसरं महायुद्ध सुरू होताच नाझींनी त्यांना पकडून छळछावणीत नेलं. तिथेच मारलं आणि प्रेत जाळलं. त्यांना कबर नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी पोलिश कुटुंबं स्मशानभूमीत जातात. ज्यांची कबर नाही, त्यांच्यासाठी मोठ्या क्रुसाखाली मेणबत्ती लावून नाव मोठ्याने घेतात. गेल्या वर्षी हालीना मला आणि माझी नात तारा हिला घेऊन गेली. तिच्या मुलाने पणजोबांचं नाव घेतलं. गाव, शाळा, छावणी, सगळं न अडखळता. आजूबाजूची माणसं टोप्या काढून उभी होती.

मला हेवा वाटला. सावंतचे आईवडील वारले होते. लग्न झालेलं नव्हतं. माझ्याशिवाय त्याचं नाव घेणारं कुणी नव्हतं, आणि माझं वय ऐंशीला आलं होतं.

"तुमचं बरं आहे," मी हालीनाला इंग्रजीत म्हणालो. "तुमच्याकडे पोरंसुद्धा नाव घेतात."

"आपोआप नाही, सार्जंट. घरून निघाल्यापासून घोकून घेतलंय. तो चिप्स मागत होता."

"सुभेदार."

"बरं, सुभेदार. तुमच्या नातीला कुणाचं नाव येतं?"

तिने पिशवीतून एक मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली. मी ताराला बाजूला घेऊन सावंतबद्दल सांगितलं.

"आबा, अगेन. स्लोली," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. आमची काडी वाऱ्याने विझली. ताराने हालीनाच्या मेणबत्तीवर आमची पेटवली आणि आयरिश उच्चारात, पण मराठीत म्हणाली, "नाईक दत्ताराम सावंत. गाव मालवणजवळ. त्याने दोर कापला. चौघे परतले."