ह्यांचे कान

आमच्या ह्यांना माणसांचं भारी वेड. कोपऱ्यावर भाजी आणायला गेले की भाजीवाली, तिचा जावई, शेजारी चपला शिवणारा, सगळ्यांची ख्यालीखुशाली घेऊन परत यायचे आणि भाजीची पिशवी तिथेच विसरायचे. मग मी पायात चपला सरकवून पुन्हा जायचं. "अहो, भाजी कुठंय?" म्हटलं की हसायचे. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, माणूस हसतमुख आहे, सुखात राहशील. हसतमुख होतेच हो, पण बाहेर वाटून वाटून घरी येईपर्यंत ते हसू तळाला लागलेलं असायचं.

पोलादाच्या कारखान्यात रोलिंग मिलवर होते, मिसरूड फुटल्यापासून ते निवृत्त होईपर्यंत. भट्टीतून लालभडक लोखंडाचा ठोकळा निघायचा, रुळांमधून दाबून दाबून त्याची लांबलचक सळई व्हायची आणि पुढे मोठी करवत ती कापायची. एकदा कामगारांच्या घरच्यांना आत नेऊन सगळं दाखवलं होतं. लेक माझ्या कडेवर होती. तिनं भोकांड पसरलं होतं आणि मला ते नुसतं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. असा तो आवाज! आतली माणसं हातांनीच बोलायची. पंजा दाखवला की थांब, अंगठा वर केला की येऊ दे. हे तर हातांनी विनोदसुद्धा करायचे. दोन बोटं फेंगडी चालवून साहेबाची चाल काढायचे आणि पलीकडच्या माणसाला पोट धरून हसवायचे. तोंड उघडलं की मात्र आवाज असा यायचा की कारखान्यात ह्यांचं नावच पडलं, भोंगा.

त्या करवतीनं ह्यांचे कान खाल्ले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दाराची कडी, मग माझा आवाज. कबूल कोण करतंय! "तू हल्ली फार पुटपुटतेस," असं मलाच सुनवायचे. मी आणि पुटपुटते! मी हाक मारली तर वरच्या मजल्यावरची बाई ओ देते.

निवृत्त झाल्यावर तरी घरात टेकतील असं वाटलं होतं. कसलं काय! जेवण झालं की बूट पुसून जे निघायचे ते कोपऱ्यावरच्या सलूनबाहेरच्या बाकावर. सलूनवाला, त्याच्या शेजारचा शिंपी, दाढीला आलेलं गिऱ्हाईक, जो तो ह्यांच्याशेजारी बसून मन मोकळं करायचा. कुणाची सासू, कुणाची सून, कुणाचं दुखणं. ह्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण समोरच्याचा चेहरा बघून मान कधी डोलवायची, कधी चुकचुकायचं, खांद्यावर हात कधी ठेवायचा, हे ह्यांना बरोबर जमायचं. "असं होय?" आणि "चालायचंच" हे दोनच शब्द, पण कुठेही बसायचे. एकदा मात्र फजिती झाली. शिंपी सांगत होता की मालक दुकान खाली करायला सांगतोय, आणि हे म्हणाले, "अरे वा! मग तोंड गोड कर की!" नशीब मी शेजारी उभी होते. "थट्टा करायची सवयच आहे हो ह्यांना," असं म्हणून सारवासारव केली. शिंपीही हसला, म्हटलं सुटलो.

सगळी गल्ली म्हणायची, काकांसारखं ऐकून घेणारं माणूस शोधून सापडायचं नाही. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारायची.

कारण घरी ते नाटक नव्हतं. दिवसभर लोकांचे चेहरे वाचून दमायचे बिचारे, मग माझा कोण वाचणार? वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचं, जेवायचं, आडवं व्हायचं. माया नव्हती असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? लेकीचे शाळेचे बूट रोज स्वतः चकचकीत करून द्यायचे. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिच्या रिकाम्या कपाटासमोर बराच वेळ उभे होते. मला ताप आला की उशाशी बसून राहायचे. पण मी बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. लेक गेल्यावर तर मी भिंतींशीच बोलायला लागले. मला साड्या नकोत, दागिने नकोत. मी एक वाक्य बोलावं आणि त्याच वाक्याला उत्तर यावं, एवढंच मला हवं होतं. एकटीनं राहणाऱ्या बाईला निदान माहीत तरी असतं की घरात कुणी नाही.

शेवटी लेकीनं हट्टाला पेटून ह्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. मशीन बसवणाऱ्या बाईंनी बजावलं, "काका, उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचं. काढघाल केलीत तर आवाजाची सवय लागणार नाही, बोलणं नीट कळणार नाही." पहिले काही दिवस घरात नुसता तमाशा. स्वतःच्याच चावण्याचा आवाज ऐकून दचकायचे. एकदा मोरीत डोकावून म्हणाले, "अगं, हा नळ गळतोय! कधीपासून?"

"वर्ष झालं. रोज सांगतेय."

मग एका संध्याकाळी मी आपली सवयीनं भिंतीला सांगत होते, वरच्या मजल्यावरच्या बाईनं माझ्याशी कसं तोंड वाकडं केलं ते. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि विचारलं, "मग? तू काय म्हणालीस तिला?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. डोळ्यांना पदर लावला, घोटभर पाणी प्यायले आणि परत येऊन पुढचं सांगितलं. त्यानंतर मी जी सुटले ती सुटलेच. हे ऐकायचे, मध्येच हसायचे, माझी चूक असेल तर तसं तोंडावर सांगायचे. भांडायचोसुद्धा आम्ही, आणि काय सांगू, भांडायला काय बरं वाटायचं!

पण तिकडे बाकावर काहीतरी बिनसलं. मी दूध आणायला निघाले की बघायची, हे एकटेच बसलेले. शिंपी आत मान खाली घालून शिवतोय, गिऱ्हाइकं आरशाकडे तोंड करून गप्प. कुणी ह्यांना "या काका" म्हणायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि काढता पाय घ्यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. इतकी वर्षं ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात, आणि आता ह्यांना खरंच ऐकू यायला लागलं तर पाठ फिरवता? ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "लोकांना कामं असतात गं." तरी रोज बूट पुसून जायचेच, आणि उन्हं उतरायच्या आत परत यायचे. जिना चढताना पाय ओढायचे. ज्या माणसाभोवती आयुष्यभर घोळका असायचा, तो खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत राहायचा. मला वाईट वाटायचं. लवकर घरी आले म्हणून बरंही वाटायचं. दोन्ही खरं. मी खुर्ची ओढून समोर बसायची आणि बोलायला लागायची.

असेच एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी आतून काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. आधी मला वाटलं, मशीन काढलंय वाटतं.

भेटायला सगळी गल्ली लोटली. लेक बरेच दिवस राहिली आणि मग तिच्या घरी गेली, तिलाही संसार आहे. ती गेल्यावर सलूनवाला आला, हातातली टोपी चुरगाळत. "काकांसारखं ऐकून घेणारं," असं त्यानं सुरू केलं मात्र, माझा तोल सुटला.

"गप रे! ऐकू यायला लागलं तेव्हा कुठे होतात सगळे? एकटे बसवलंत त्यांना कुत्र्यासारखं. आधी तर त्यांना काही ऐकूच येत नव्हतं, कळलं? एक शब्द नाही!"

"ते का आम्हाला माहीत नव्हतं, काकू? शिंप्याला तोंड गोड कर म्हणाले, तेव्हा आठवडाभर हसत होतो आम्ही. ऐकू येत नाही म्हणूनच तर सांगायचो. दुसऱ्या कुणाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत गल्लीभर. काकांशेजारी बसून बोललं की मोकळं वाटायचं, वर ते खांद्यावर हात ठेवायचे. मशीन आलं आणि आमची जीभच उचलेना. घरातली लक्तरं आहेत हो, कोण कुणाच्या कानावर घालणार?"

"मग तसं सांगायचं होतंत त्यांना! निदान कारण तरी कळलं असतं."

"सांगितलं की. मीच सांगितलं. म्हटलं, काका, रागावू नका, पण इथे येताना मशीन घरी ठेवून या, पहिल्यासारखे बसू. ते हसले. म्हणाले, एकदोनदा वाटेत काढून बघितलं रे, पण मग संध्याकाळी तिचं निम्मं बोलणं कळत नाही. इतकी वर्षं ती बोलतेय, आता कुठे मला ऐकू यायला लागलंय. तुमचं चालू द्या, मी बसतो आपला बाहेर."

मी त्याच्यासमोर चहा ठेवला. त्यानं बशीत ओतला, फुंकर घातली, पण प्यायला नाही.

"काकू," तो हळूच म्हणाला, "एवढं काय सांगायचात हो त्यांना?"

मी आठवून बघितलं. एकेक संध्याकाळ आठवून बघितली.

"काही नाही रे," मी म्हटलं. "दूध नासलं. जिन्यातला दिवा गेला. असंच काहीतरी."