पुनमचा मीटर, नानांचा परस

पद्मालयाच्या गणपतीची वाट अर्धी सरली होती. एरंडोलहून चतुर्थीला पायी जायचा माझा नेम. यंदा बहिणीची पुनम सोबत होती.

"चल, आता चारच राहिलं," मी म्हटलं.

"चार काय, मावशी?"

पाय दुखत असताना असले प्रश्न विचारणारी पोर गणरायाने आमच्याच घरी द्यावी, ही त्याची कृपा.

पुनम धुळ्याला एका कचेरीत संगणकाचं काम करते. गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी फोनवर येते. तिचा प्रोग्राम सगळे आकडे मीटरमध्ये आणून नकाशा काढतो. त्यावरून टँकरची गावं ठरतात. घरीही तिचं तेच. 'दोन घाल' म्हटलं की चमचे की वाट्या? एकवीस दूर्वा म्हटल्या की काड्या की जुड्या? एवढं विचारून शिरा मात्र दरवेळी वेगळाच होतो.

आमच्या गावची विहीर माझे थोरले दीर निंबा नाना मोजतात. दोर सोडायचा, गाठी मोजायच्या. दर परसाला, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीला, सहा फुटांना, एक गाठ. गावात 'परस' वेगळं बोलायची गरज कोणाला? नानांनी फोनवर सांगितलं, "पाणी सहावर शे," म्हणजे सहावर आहे. कारकुनाने सहा लिहिलं, पुढची मापाची जागा रिकामी. रिकामी असली की मीटर धरायचं, हा साहेबांचा हुकूम. प्रोग्राममध्ये लिहिला पुनमनेच. झालं! छत्तीस फूट खाली गेलेलं पाणी वीस फुटांवर आलं. वरुणदेवाला जमलं नाही ते कचेरीने बसल्या जागी केलं. नकाशात आम्ही निळेशार, टँकरच्या यादीतून बाद. बाया हंडे घेऊन दोन शेतं पलीकडे.

"मग सांग ना साहेबांना!"

"सांगितलं. म्हणाले, नकाशा इतका सुंदर आलाय, हात लावू नको. पुरावा असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत दे, मग यादी पक्की."

"आणि नाना?"

"फोन केला होता. 'तू माले शिकाडी राहिनी का?' म्हणाले आणि ठेवला."

नानांचंही बरोबर. एवढी वर्षं दोर सोडला, विहिरीने कधी तक्रार केली नाही.

पुनम थांबली. एरवी तोंडाळ पोर, पण आता आवाज खाली आला होता.

"चूक माझ्या प्रोग्रामची आहे, मावशी. पण नाना तुला नाही म्हणत नाहीत. उद्या सकाळी मीटरची फीत घेऊन विहिरीवर जाशील? दोर नानांनाच धरू दे. तू नुसती फीत लाव आणि मला फोटो पाठव."